फिटच्या तारखा लिहिणारा लेखक

इन्स्टाग्रामवर पुस्तकांच्या रील्स बघत असाल, तर ‘व्हाइट नाइट्स’ नावाचं छोटंसं पुस्तक तुमच्या फीडवर कधी ना कधी येऊन गेलंच असेल. त्याच कथेवरून संजय लीला भन्साळींनी २००७ मध्ये ‘सावरिया’ केला, रणबीर कपूरचा पहिला सिनेमा. ती कथा १८४८ मध्ये लिहिली तेव्हा फ्योदोर दोस्तोव्हस्की २७ वर्षांचा होता. पुढे त्याने ‘क्राइम अँड पनिशमेंट’ लिहिली, ‘द इडियट’ लिहिली, ‘द ब्रदर्स करमाझोव्ह’ लिहिली. त्याच्या नावाचे टी-शर्टही निघाले. पण या लेखकाच्या वह्यांमध्ये कादंबऱ्यांच्या आराखड्यांसोबत आणखी एक नोंद सापडते. आज फिट आली. किती जोराची होती. बाहेर हवा कशी होती. पुढची तारीख, पुन्हा फिट.

ही गोष्ट त्या नोंदींची आहे. आणि त्या वहीत न मावणाऱ्या एका फिटचीही, जी त्याला नाही, त्याच्या पोराला आली.

मॉस्को ते सैबेरिया

फ्योदोरचा जन्म १८२१ चा, मॉस्कोतला. वडील गरिबांच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आणि घर हॉस्पिटलच्याच आवारात. म्हणजे आजारी माणसं बघतच पोरगा मोठा झाला. वडिलांनी त्याला पीटर्सबर्गला मिलिटरी इंजिनीअरिंगला घातलं. त्याचा जीव तिथे रमला नाही. तुमच्या वर्गातही असे दोघं-तिघं असतील, डिग्री एकीकडे आणि डोकं भलतीकडेच. त्याने डिग्री पुरी केली, काही दिवस नोकरी केली, मग ती सोडून सरळ लिहायला बसला. १८४६ मध्ये पहिली कादंबरी ‘पुअर फोक’ आली आणि एका रात्रीत नाव झालं.

तीन वर्षांनी सगळं उलटं झालं. तो ज्या तरुणांच्या बैठकांना जायचा, तिथे सरकारला न रुचणाऱ्या गोष्टींवर बोललं जायचं, बंदी असलेलं साहित्य वाचलं जायचं. एप्रिल १८४९ मध्ये पोलिसांनी सगळ्यांना उचललं. शिक्षा झाली मृत्युदंडाची. डिसेंबरच्या थंडीत या पोरांना चौकात उभं केलं, पहिल्या तिघांना खांबाला बांधलं, सैनिकांनी बंदुका रोखल्या. फ्योदोर पुढच्या तुकडीत होता. तेवढ्यात झारचा हुकूम वाचून दाखवला गेला की शिक्षा कमी केली आहे. ते सगळं आधीच ठरलेलं नाटक होतं. खरी शिक्षा होती सैबेरियात चार वर्षं सक्तमजुरी आणि त्यानंतर साधा शिपाई म्हणून सैन्यात नोकरी. पायात बेड्या घालून त्याला ओम्स्कच्या तुरुंगात पाठवलं.

तिथे त्याच्या आजाराची पहिली सरकारी नोंद सापडते. १८५७ मध्ये सैन्यातल्या एका डॉक्टरने त्याला सर्टिफिकेट दिलं. त्यानुसार १८५० मध्ये पहिली फिट आली. आधी किंकाळी, मग शुद्ध हरपली, हातपाय आणि चेहरा झटके देऊ लागला, तोंडाला फेस आला, श्वास घरघरू लागला. हे १५ मिनिटं चाललं. १८५३ मध्ये पुन्हा फिट आली, आणि त्यानंतर जवळपास दर महिन्याला.

हा १५ मिनिटांचा आकडा लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

लग्न आणि फिट

सर्टिफिकेट मिळालं त्याच वर्षी, फेब्रुवारीत, त्याने सैबेरियातच मारिया नावाच्या विधवेशी लग्न केलं. लग्नानंतर परतताना वाटेत बर्नाऊल गावी त्याला मोठी फिट आली. नवी नवरी घाबरून गेली. तिथल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की हा खरा अपस्मार आहे आणि एखाद्या फिटमध्ये घसा आवळून जीवही जाऊ शकतो. तोवर फ्योदोर स्वतःची समजूत घालत होता, की हा नसांचा काहीतरी त्रास आहे, राहणीमान सुधारलं की जाईल. ती समजूत त्या दिवशी संपली. एवढं ठाऊक असतं तर आपण लग्नच केलं नसतं, असं त्याने भावाला कळवलं.

पीटर्सबर्गला परतायची परवानगी मिळाली तेव्हा १८५९ साल संपत आलं होतं. पुढची पाच वर्षं धावपळीची गेली. मासिक काढलं, ते सरकारने बंद पाडलं. १८६४ मध्ये आधी बायको गेली, तीन महिन्यांनी मोठा भाऊ मिखाइल गेला. भावाचं कर्ज याच्या डोक्यावर आलं. पैशासाठी त्याने एका प्रकाशकाशी करार केला. ठरल्या तारखेपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढच्या नऊ वर्षांचं सगळं लेखन प्रकाशक फुकटात छापणार.

डेडलाइनला एक महिना उरला तेव्हा कादंबरीचं एक पान लिहिलेलं नव्हतं. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना ही अवस्था वेगळी सांगायला नको. मित्रांनी सुचवलं, स्टेनोग्राफर ठेव. ऑक्टोबर १८६६ मध्ये आन्ना स्नित्किना नावाची २० वर्षांची मुलगी पेन्सिली घेऊन दारात आली. पहिल्याच भेटीत त्याने तिला सांगून टाकलं की मला अपस्मार आहे आणि नुकतीच फिट येऊन गेलीय. त्या काळात हा आजार लोक घराबाहेर कळू देत नसत. २६ दिवसांत दोघांनी मिळून ‘द गॅम्बलर’ पूर्ण केली. चार महिन्यांनी लग्न केलं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत आन्नाच्या बहिणीकडे जेवण होतं. गप्पा रंगात आल्या असताना फ्योदोर अर्ध्या वाक्यात थांबला, पांढराफटक पडला आणि किंचाळून कोसळला. बहीण घाबरून खोलीबाहेर पळाली. आन्नाने त्याला धरलं, जमिनीवर आडवं केलं, डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. तासाभरात दुसरी फिट आली, पहिलीपेक्षा जोराची. पुढची १४ वर्षं आन्ना या आजारासोबत जगली. आपण त्याच्या कादंबऱ्या वाचू शकतो यात तिचा वाटा फार मोठा आहे. डिक्टेशन, प्रूफं, हिशेब, कर्जवाले, सगळं तिने सांभाळलं.

आनंदाचा एक क्षण, आणि त्यानंतरचे दिवस

दोस्तोव्हस्कीच्या अपस्माराबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. काही फिट येण्याआधी क्षणभर त्याला विलक्षण आनंद व्हायचा. सगळं जग जुळून आल्यासारखं वाटायचं. हा अनुभव त्याने ‘द इडियट’च्या नायकाला, प्रिन्स मिश्किनला, दिला. न्यूरॉलॉजीत आज अशा फिट्सना एक्स्टॅटिक सीझर म्हणतात. त्या दुर्मीळ आहेत, पण खऱ्या आहेत.

रील्समध्ये इथेच गोष्ट संपते. आजार म्हणजे जीनियसला मिळालेली भेट वगैरे. पण तो क्षण सेकंदांचा असायचा आणि त्यानंतर दिवसच्या दिवस वाया जायचे. डोकं जड, अंग ठेचल्यासारखं, बोलताना शब्द सापडत नाहीत. मनावर असं सावट, की जवळचं कुणीतरी गेलंय किंवा आपल्या हातून मोठा गुन्हा झालाय. कित्येक दिवस लिहिता यायचं नाही. सरासरी महिन्यातून एक फिट, कधी आठवड्यातून दोन. पुस्तकं आजाराने लिहिली नाहीत. दोन फिट्सच्या मधल्या दिवसांत एका माणसाने ती लिहिली.

आणि आठवण जात होती. पत्रांमधून तो वारंवार ही तक्रार करायचा. ओळखीचे लोक रस्त्यात भेटायचे, त्याला चेहरा आठवायचा नाही, ते म्हणायचे मोठा लेखक झाला, शिष्ट झाला. स्वतःच्या जुन्या कादंबऱ्यांमधली पात्रं तो विसरायचा. लिहीत असलेल्या कादंबरीचे आधीचे भाग पुन्हा वाचल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. परदेशात असताना एकदा कागदपत्रांच्या कामासाठी रशियन वकिलातीत गेला. कारकुनाने विचारलं, बायकोचं माहेरचं आडनाव काय? याला आठवेना. परत घरी येऊन आन्नालाच विचारावं लागलं.

आता कळतं की तो सगळं वहीत का लिहायचा. आठवणीवर भरवसा उरला नव्हता.

मेंदूत नेमकं काय होतं?

आता थोडं सायन्स. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या आणि रसायनांच्या भाषेत बोलतात. फिट येते तेव्हा लाखो पेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यात ओरडू लागतात. बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, कारण मेंदूकडे स्वतःचे ब्रेक असतात. अशा एखाद्या छोट्या फिटने मेंदूच्या पेशी मरत नाहीत. घाबरून जायचं कारण नसतं.

पण कधीकधी ब्रेक लागत नाहीत. फिट चालूच राहते, किंवा एक संपून माणूस शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू होते. याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. पेशींना उत्तेजित करणारं ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर साचत जातं. त्यामुळे पेशींची दारं उघडीच राहतात आणि आत कॅल्शियमचा लोंढा घुसतो. तेवढं कॅल्शियम पेशीला पेलत नाही. तिचं ऊर्जाकेंद्र बंद पडतं, आतली एन्झाइम्स तिलाच खाऊ लागतात आणि पेशी मरते. आधी डॉक्टरांना वाटायचं की हे नुकसान फक्त श्वास अडकल्यामुळे, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे होतं. १९७३ मध्ये ब्रायन मेल्ड्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांवर प्रयोग केले. स्नायू शिथिल करून, कृत्रिम श्वास देऊन, ऑक्सिजन नीट ठेवूनही तासन्‌तास चाललेल्या फिटने मेंदूच्या पेशी मेल्याच. म्हणजे श्वास सांभाळला तर नुकसान कमी होतं, पण पेशींचं ते सततचं ओरडणंही पेशींना मारतं.

सगळ्यात आधी मार बसतो हिप्पोकॅम्पसला. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा हा भाग असतो. नव्या आठवणी इथे पक्क्या होतात. जर्मन डॉक्टर विल्हेल्म झोमर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास करून हिप्पोकॅम्पसच्या एका ठरावीक पट्ट्यात पेशी नष्ट झालेल्या असतात हे मांडलं. साल होतं १८८०. त्याच वर्षी पीटर्सबर्गमध्ये दोस्तोव्हस्की ‘करमाझोव्ह’ पूर्ण करत होता. आपल्या विसराळूपणाचा संबंध डोक्यातल्या एवढ्याशा जागेशी असू शकतो, हे त्याच्यापर्यंत पोचायला मार्गच नव्हता.

त्याच्या मेंदूचा एमआरआय कुणी काढलेला नाही. पण तीस वर्षं फिट्स, त्यातली पहिलीच नोंद १५ मिनिटांची, आणि त्यासोबत हळूहळू विझत गेलेली आठवण, हे चित्र आजच्या न्यूरॉलॉजिस्टला अनोळखी वाटणार नाही.

अल्योशा

फ्योदोर आणि आन्नाला चार मुलं झाली. पहिली सोफिया जिनिव्हात तीन महिन्यांची होऊन गेली. मग ल्युबोव्ह, फ्योदोर, आणि १८७५ च्या ऑगस्टमध्ये धाकटा अलेक्सी, लाडाने अल्योशा. बापाचा जीव या पोरावर जास्तच होता.

१६ मे १८७८ ची सकाळ. तारीख तेव्हाच्या रशियन कॅलेंडरची आहे. अल्योशाचा चेहरा अचानक फडफडू लागला, मग सगळ्या अंगाला झटके सुरू झाले. घरच्या डॉक्टरांना बोलावलं. झटके थांबेनात. मोठे तज्ज्ञ डॉक्टर आले. मूल बेशुद्ध होतं, इवलंसं अंग मधूनमधून थरथरत होतं. डॉक्टरांना दारापर्यंत सोडून फ्योदोर परत आला तो पांढराफटक होऊन, आणि मुलाशेजारी गुडघ्यावर बसला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की आता शेवट जवळ आहे. आन्नाला अजून वाटत होतं की मूल त्रासातून सुटतंय. ती नवऱ्याला विचारायला गेली, तर त्याने खुणेनेच शेजारी बसायला सांगितलं. काही वेळाने मुलाचा श्वास थांबला. अल्योशा तीन वर्षांचा व्हायला तीन महिने बाकी होते.

ज्या फिटमधून बाप शंभर वेळा उठून बसला होता, त्या एकाच लांबलेल्या फिटने पोराला नेलं. माझा आजार मुलाला गेला, असं बापाच्या मनाने घेतलं, आणि ते सगळ्यात जास्त सलत राहिलं.

तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइड वापरात आलं होतं, पण ते रोज घ्यायचं औषध. चालू फिट थांबवणारं इंजेक्शन नव्हतं. फेनोबार्बिटल आलं १९१२ मध्ये. माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली ईईजी नोंद हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतली. अंगाचे झटके मंदावले तरी मेंदूतली फिट चालूच असू शकते, हे ईईजी आल्यावर दिसू लागलं. १८७८ मध्ये खाटेशेजारी बसलेल्या माणसांना शांत पडलेलं मूल झोपल्यासारखंच वाटणार.

पुढच्या महिन्यात फ्योदोर तरुण मित्र व्लादिमीर सोलोव्यॉव्हसोबत ऑप्टिना मठात गेला. तिथल्या वृद्ध साधूला भेटला. परत आला, कुटुंबाने घर बदललं आणि नव्या घरात त्याने शेवटची कादंबरी लिहायला घेतली. ‘द ब्रदर्स करमाझोव्ह’च्या सगळ्यात निर्मळ नायकाचं नाव अल्योशा. कादंबरीत एक खेडूत बाई मूल गेल्याचं दुःख घेऊन मठातल्या साधूकडे येते. तिच्या मुलाचं नावही अलेक्सी, आणि वय तीनला तीन महिने कमी. त्याच कादंबरीत स्मेर्द्याकोव्ह नावाचा नोकर आहे, तोही अपस्माराचा रुग्ण. लांबलेली फिट कशी दिसते हे त्याला इतकं पक्कं ठाऊक असतं की तो तिचं सोंग वठवतो. पुढचं सांगत नाही, वाचायचं राहिलं असेल तर मजा जाईल.

कादंबरी १८८० च्या शेवटी पूर्ण झाली. पुढच्या जानेवारीत फुप्फुसातून रक्तस्राव होऊन दोस्तोव्हस्की गेला. वय ५९. अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली, त्यात विद्यार्थी खूप होते. पुढे १९२८ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने लेख लिहून त्याच्या फिट्स मनातल्या अपराधी भावनेतून आल्या असाव्यात असं मांडलं. आज न्यूरॉलॉजिस्ट ते मानत नाहीत. सैन्यातल्या डॉक्टरच्या त्या कागदावरच्या खुणा अपस्माराच्याच आहेत.

आपल्या कट्ट्यावर

हे सगळं रशियातलं, दीडशे वर्षांपूर्वीचं. पण फिट येणारा मित्र किंवा मैत्रीण तुमच्या कॉलेजातही असेल, फक्त तुम्हाला सांगितलं नसेल. न सांगण्याला कारण आहे. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात वारंवार अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती लग्नाला पात्र नाही अशी अट होती. ती काढायला १९९९ साल उजाडलं. कायद्यातून गेली, डोक्यातून अजून जायची आहे. आन्नाला पहिल्याच भेटीत आजार सांगणारा दोस्तोव्हस्की म्हणूनच आजही धाडसी वाटतो.

आणि कँटीनमध्ये कुणाला फिट आली तर आपण काय करतो? कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा शोधतं, कुणी हातात लोखंडी किल्ल्या कोंबतं, कुणी दातात चमचा घालतं, बाकीचे मोबाइल काढतात. यातलं काहीच कामाचं नाही, आणि चमच्याने दात तुटतात, श्वास अडकतो. मोबाइल काढाच, पण वेळ बघायला.

फिट सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा. आजूबाजूची खुर्ची, बाक, दगड बाजूला करा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. झटके थांबले की कुशीवर वळवा आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत सोबत थांबा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन करा, वाट बघत बसू नका. पहिल्यांदाच आली असेल, पाण्यात आली असेल, डोक्याला लागलं असेल किंवा बाई गरोदर असेल, तर पाच मिनिटांचीही वाट बघायची नाही. काहींच्या बॅगेत डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे असतो. मित्राकडे असेल तर तो कुठे ठेवतो आणि कसा वापरायचा हे आधीच विचारून घ्या.

पाच मिनिटांचा आकडा हवेतला नाही. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने, २०१५ मध्ये तो पक्का केला. सगळ्या अंगाला झटके देणारी फिट पाच मिनिटं ओलांडते तेव्हा ती आपोआप थांबायची शक्यता कमी होते. अर्ध्या तासापुढे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका सुरू होतो. मधली २५ मिनिटं रिक्षा, ट्रॅफिक, लिफ्ट आणि कॅज्युअल्टी यांत जातात. आपल्या हातात असतात ती पहिली पाच.

१८५० मधल्या त्या तुरुंगात १५ मिनिटं मोजणारं कुणीतरी होतं, म्हणून आज आपल्याला तो आकडा ठाऊक आहे. मोजून पुढे करण्यासारखं तेव्हा काही नव्हतं. आज आहे. गोळ्या नियमित घेतल्या तर बहुतेकांच्या फिट्स आटोक्यात राहतात, आणि फिट लांबलीच तर हॉस्पिटलमध्ये ती थांबवणारं इंजेक्शन तयार असतं. तिथपर्यंत वेळेत पोचवायला मात्र घड्याळ बघणारं कुणीतरी शेजारी लागतं.